केसांची पिशवी

दिवाळीच्या आधी घर आवरताना मी आईंची केसांची पिशवी टाकून दिली. अजाणता नव्हे. न्हाणीघराच्या खिडकीत, गज आणि डासांची जाळी यांच्या मधल्या खाचेत दुधाची धुतलेली पिशवी कोंबलेली असायची आणि तिच्यात काय आहे ते मला चांगलं ठाऊक होतं. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, रोज सकाळी त्या खिडकीपाशी उभ्या राहून विंचरतात. विंचरून झालं की कंगव्यात अडकलेले केस काढायचे, डाव्या तर्जनीभोवती फिरवत फिरवत त्यांचं वेटोळं करायचं, बोट अलगद बाहेर घ्यायचं आणि वेटोळं पिशवीत सारायचं. लग्नाला बावीस वर्षं झाली. मी हे रोज बघत आले आणि रोज अंगावर थोडासा काटा यायचा. डोक्यावर असतात तोवर केस, गळाले की घाण, ही शिकवण कुठून आली कोण जाणे, पण पक्की बसलेली. त्या दिवशी जाळी धुवायला काढली, पिशवी हातात आली, आणि ती ओल्या कचऱ्यात टाकायची की सुक्या, एवढाच प्रश्न मला पडला.

चौथ्या दिवशी आईंनी विचारलं, "खिडकीतली पिशवी कुठं गेली गं?" मी सांगितलं. "टाकलीस व्हय?" एवढंच म्हणाल्या. रागावल्या नाहीत. त्या दिवशीचं वेटोळं त्यांच्या हातात होतं. ते कुठे ठेवायचं ते कळत नसल्यासारख्या त्या थोडा वेळ तिथेच उभ्या राहिल्या, मग पदराच्या टोकात बांधून स्वयंपाकघरात निघून गेल्या.

ते पदराला गाठ मारणं माझ्या डोक्यातून जाईना.

आमच्या सोसायटीत फेरीवाल्यांना आत सोडत नाहीत. तरी महिन्या-दोन महिन्यांनी कंपाउंडच्या भिंतीपलीकडून हाक येते, "केसंऽऽ, डोईची केसंऽऽ." आई मग पायांत चप्पल अडकवून, गुडघे धरत, जिना उतरून फाटकाबाहेर जातात आणि अर्ध्या तासाने काहीतरी घेऊन वर येतात. चहाची गाळणी, केसांच्या पिना, सुयांचं पाकीट, कधी चमचा. त्यांच्या माणमधल्या गावात तर दर हंगामाला या बायका यायच्या आणि अख्ख्या आळीतल्या बायका आपापली बोचकी घेऊन पारावर जमायच्या. आमच्या फळीवर स्टीलच्या तीन लहान वाट्या आहेत, कडा जराशा दबलेल्या. घरात त्यांना 'केसांच्या वाट्या' म्हणतात. मी नवी नवी आले तेव्हा "ताक केसाच्या वाटीत घे" असं ऐकून गोंधळले होते; मला वाटलं, वाटीवर केसासारखी बारीक चीर असेल. पुढे कितीतरी वर्षांनी उलगडा झाला की या वाट्या केस देऊन घेतलेल्या आहेत. आईंच्या तरुणपणी त्यांच्या हातात रोख पैसा कधी नसायचा. धान्य सासऱ्यांच्या ताब्यात, दुधाचे पैसे दिरांच्या. स्वतःच्या अंगावरून गळालेल्या वस्तूवर कुणाचा हक्क नव्हता, म्हणून तेवढ्या तीन वाट्या त्यांच्या स्वतःच्या. हे त्या असं शब्दांत बोलल्या नाहीत कधी. पण भांडीवाटपात मोठ्या जाऊबाईंनी पितळी घंगाळ नेलं, तांब्याचा हंडा नेला, तेव्हा गप्प राहिलेल्या आईंनी या वाट्यांना मात्र कुणाला हात लावू दिला नव्हता.

मी शाळेत चित्रकला शिकवते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या मुलांची तयारी करून घेते, आणि पाचवी-सहावीला हस्तकलेच्या तासाला जे शिकवायचं असतं त्याचं नाव आहे 'टाकाऊतून टिकाऊ'. बाटलीचा पेनस्टँड, बांगड्यांचं तोरण, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर. हे शब्द मी हजारदा फळ्यावर लिहिले असतील. त्या आठवड्यात सहावीच्या वर्गात पुन्हा लिहायला खडू उचलला आणि हात थांबला. टाकाऊ कुणाच्या लेखी? हा प्रश्न मी आजवर मुलांना विचारला नव्हता आणि स्वतःलाही नाही.

त्या रात्री मला शीला गौडांच्या कामाची आठवण झाली. त्या कर्नाटकातल्या, जन्म १९५७चा, भद्रावतीचा. बंगळूर, शांतिनिकेतन आणि लंडनचं रॉयल कॉलेज असं शिक्षण झालेल्या, तैलरंगात काम करणाऱ्या चित्रकर्त्री. पुढे त्यांनी हळूहळू तैलरंग बाजूला ठेवले आणि शेण, कुंकू, दोरा, सुया, डांबराचे पिंप, केस अशा वस्तू हातात घेतल्या. २००९ साली व्हेनिसच्या बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात, त्यांनी मांडलेलं एक काम आता लंडनच्या टेट संग्रहात आहे. त्यात माणसांच्या केसांचे वळलेले गोफ आहेत, सगळे मिळून सुमारे चार हजार मीटर, आणि मोटारींचे वीसेक चकचकीत बंपर. गोफ भिंतीवरून ओघळतात, खाली जमिनीवर त्यांचे ढीग साचतात, आणि ते जड लोखंडी बंपर त्या केसांनीच तोलून धरलेले दिसतात. दक्षिणेत नवी गाडी घेतली की दृष्ट लागू नये म्हणून बंपरला केसांचा असा काळा गोफ बांधतात. आपल्याकडे लिंबू-मिरची आणि काळी बाहुली, तसंच. देवाला नवस बोलून उतरवलेल्या केसांतले लांब केस परदेशी टोपांसाठी विकले जातात, आखूड उरतात त्यांचे हे गोफ वळले जातात आणि बाजारात विकायला येतात. गौडांनी हे गोफ विकत घेतले. बंपरही तयार होते. त्यांनी केलं ते एवढंच की गोफाचं आणि बंपरचं नातं उलटं करून दाखवलं. रस्त्यावर बंपर गोफाला मिरवतो. इथे केस आहेत म्हणून बंपर अधांतरी तग धरून आहे.

मी हे काम प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. फोटोत पाहिलंय, पुष्कळदा, मोठं करून. आणि फोटोत ते फार सुंदर दिसतं हीच मला त्याची अडचण वाटत आली. काळ्या रंगाची लय, क्रोमची चकाकी. केसांचा वास फोटोत येत नाही. जवळ गेल्यावर अंगावर येणारा तो काटा फोटोत येत नाही. चार हजार मीटर केसांपाशी उभं राहिल्यावर माणसाचं नाक काय म्हणेल, ते कळल्याशिवाय त्या कामाबद्दल काही बोलणं म्हणजे ताटाचा फोटो पाहून आमटी अळणी आहे म्हणण्यासारखं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई शेंगा फोडत बसल्या होत्या. मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले आणि तो फोटो दाखवला. आईंनी चष्मा कपाळावर चढवला, डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं.

"केसं हायत?"

"हो आई. सगळे केसच."

"एवढा गुंता सोडवला कुणी?"

मी गप्प. पंधरा वर्षं मी हा फोटो मुलांना दाखवते आहे, कार्यशाळांमध्ये त्यावर बोलले आहे, आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. आई पुढे म्हणाल्या की केस असे सरळ येत नाहीत, त्यांची वळी होते, मुळं एकीकडे आणि शेंडे एकीकडे लावल्याशिवाय ते एकमेकांत अडकतात. आणि वळायला वाखापेक्षा वाईट, कारण निसटतात. त्यांनी सासऱ्यांबरोबर घायपाताचा वाख सोलून चऱ्हाटं वळलेली. एकाने पीळ द्यायचा, दुसऱ्याने धरून मागे सरकायचं, तिसऱ्याने नवा पेड जोडत जायचा. तळहाताला पडलेले घट्टे अजून आहेत. त्यांनी फोटोतल्या एका गोफावर बोट ठेवलं, "हितं जोड हाय बघ." तिथे खरंच एक किंचित जाड गाठ होती.

त्यानंतर मी केसांच्या धंद्याबद्दल जे मिळेल ते वाचलं. कंगव्यातून निघालेल्या आपल्या वेटोळ्यांना या व्यापारात 'गोळी' म्हणतात. गावोगावच्या फेरीवाल्या बायकांकडून ती व्यापाऱ्याकडे जाते आणि तिथून गुंता सोडवणाऱ्यांकडे. कर्नाटकात कोप्पळजवळच्या भाग्यनगरात हे काम मोठ्या प्रमाणावर चालतं. बायका मांडी घालून बसतात, दाभणासारख्या सुईने एकेक वळी उकलतात, पांढरे-काळे वेगळे करतात, लांबीप्रमाणे जुड्या बांधतात. धूळ नाकातोंडात जाते, मान आणि डोळे जातात. म्हणजे माझ्या आईंच्या तर्जनीवरून निघालेलं वेटोळं कुठल्या तरी बाईच्या मांडीवर जाऊन पुन्हा सरळ होतं आणि मग कुणाच्या तरी डोक्यावर चढतं. गौडांच्या कामातले केस मंदिरातले, हे कंगव्यातले, वाट वेगळी. पण आईंचा प्रश्न दोन्हींना लागू होता.

गुंता सोडवला कुणी?

एरवी चित्रापुढे उभं राहिलं की आपण विचारतो, याचा अर्थ काय. माझ्या वर्गातल्या मुलांनाही मी तेच विचारायला शिकवलं. वस्तू कुठून आली, ती कुणाच्या हातांतून गेली, कुणी वळली, कुणी वाहून आणली, हे विचारायला शिकवलं नाही. आणि ज्या कलावंतांचं काम मला वर्षानुवर्षं धरून राहिलंय त्यांनी नेमका हाच प्रश्न आपल्या कामात सोडवायला घेतलेला आहे, असं आता वाटतं. गौडांनी १९९८ साली केलेलं एक काम आहे. दोऱ्याच्या प्रचंड लांबीचा एकेक धागा सुईत ओवायचा, तो अख्खा नेढ्यातून ओढून घ्यायचा, मध्यावर दुमडायचा, पुन्हा दुसरी सुई, पुन्हा तेच. असे धागे एकत्र करून त्यांना डिंक आणि कुंकू माखत माखत जाड लाल दोर तयार करायचा. दोराच्या टोकाला सगळ्या सुया झुपक्यासारख्या लोंबत राहतात. दालनभर तो लाल दोर वळणं घेत लटकतो. लांबून रेघेसारखा, जवळून आतड्यासारखा. या कामाच्या नावाचा मराठीत अर्थ होतो, 'आणि त्याला माझी वेदना सांग'.

सुईत दोरा ओवायला किती वेळ लागतो ते ज्याने केलंय त्याला माहीत असतं. आईंना आता दिसत नाही, त्या मला हाक मारतात, "जरा ववून दे गं." मी दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं करते, बोटांनी चपटं करते, दोनदा चुकते, तिसऱ्यांदा जातो. ते एका हाताच्या लांबीच्या दोऱ्याला. गौडांनी ओढला तो दोरा मीटरभराचा नव्हे, शंभराहून जास्त मीटरचा. नेढ्यातून शंभर मीटर दोरा ओढताना बोटं कापतात, दोरा गुंततो, दुपार निघून जाते. हे काम त्यांनी दुसऱ्या कुणाला सांगून उरकून घेतलं असतं तर बघणाऱ्याला फरक कळला नसता कदाचित. पण मला वाटतं, कळला असता. काही वस्तूंच्या अंगाला लागलेला वेळ दिसतो.

शेणाचंही तसंच. १९९२च्या सुमारास, देश ढवळून निघत असताना, गौडांना कॅनव्हासवर तैलरंगाने काढलेली आकृती अपुरी वाटू लागली आणि त्या शेणाकडे वळल्या. शेण पवित्र मानतात, शेण सरपण आहे, आणि शेण उचलणं हे बाईचं काम आहे, हे तिन्ही त्यांना एकाच वस्तूत सापडलं. हे वाचलं तेव्हा मी आर्ट स्कूलमध्ये होते आणि मला त्यात मोठी बंडखोरी दिसली होती. आईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना शेणाबद्दल काही विशेष वाटलं नाही. त्यांनी विचारलं, "ताजं का शिळं?" ताज्या शेणाने सारवलं तर भेगा पडतात, थोडी माती आणि पाणी घालून मुरू द्यायचं, उन्हाच्या आत सारवायचं, हात उजवीकडून डावीकडे अर्धगोल फिरवत मागे मागे यायचं, शेवटचं वळण दाराशी संपलं पाहिजे म्हणजे आपला पाय ओल्यात पडत नाही. गोवरी थापताना तळहाताने दाबायची आणि उचलताना बोटं रुतू द्यायची, म्हणजे ती भिंतीला धरते. माझ्या नजरेसमोर त्यांच्या गावातल्या वाड्याची मागची भिंत आली. ओळीने थापलेल्या गोवऱ्या आणि प्रत्येकीवर पाच बोटांचे ठसे, कुठे करंगळी खोल, कुठे अंगठा. आईंच्या आणि त्यांच्या जावेच्या गोवऱ्या मी ओळखू शकायचे. जाऊबाईंचं मधलं बोट एकदा चरकात सापडलं होतं, तिथे ठसा अर्धाच.

डहाणूचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांच्याकडेही शेण होतं आणि तांदळाचं पीठ होतं. कापडाला गेरू किंवा शेणाचा हात द्यायचा, बांबूच्या काडीचं टोक चावून कुंचला करायचा, पांढऱ्या पिठाने माणसं काढायची, दोन त्रिकोण आणि चार रेघा. ते २०१८ साली गेले, त्याआधी २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली होती. जगभर त्यांचं काम गेलं आणि ते जायलाच हवं होतं. पण लग्नाचा चौक लिहिण्याचा मान परंपरेने सवाशिणींचा. पिढ्यान्पिढ्या त्या बायकांनी झोपडीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक लिहिला, लग्न झालं, पावसाळे आले, भिंत पुन्हा सारवली गेली. त्या बायकांची नावं कुठल्याही कॅटलॉगमध्ये नाहीत. म्हशे यांचा मोठेपणा याने तसूभर कमी होत नाही. मला फक्त त्यांच्या चित्रापुढे उभं राहिलं की आता त्या सारवलेल्या भिंतीही दिसतात.

माझं बालपण चंद्रपुरात गेलं. उन्हाळ्यात गच्चीवर पापड वाळत घातले की संध्याकाळपर्यंत त्यांच्यावर काळी बारीक काजळी धरायची. माझी आई मलमलच्या फडक्याने एकेक पापड पुसायची, फुंकर मारायची नाही, कारण फुंकर मारली की काळं आत बसतं. पांढरे गणवेश दोरीवर उलटे वाळत घालायचे. नाक शिंकरलं की रुमालावर काळं. आम्हाला त्यात काही वेगळं वाटत नसे, सगळ्या गावांत असंच असतं असं वाटायचं. पुण्याला आले आणि पहिल्यांदा पांढरी चादर पांढरीच राहिलेली पाहिली. पुढे चित्रकलेच्या वर्गात चारकोलची काडी हातात आली तेव्हा सगळी मुलं बोटं काळी झाली म्हणून कुरकुरत होती आणि मला एकदम गच्ची आठवून रडू फुटलं होतं. ते कुणाला सांगता आलं नाही.

प्रभाकर पाचपुते चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचे, राजुऱ्याजवळच्या. जन्म १९८६. घराण्यातली माणसं कोळशाच्या खाणीत राबलेली, जमीन खाणीत गेलेली. शिल्पकला शिकले, आधी खैरागडला मग बडोद्याला, आणि हातात घेतला चारकोल. कागदावर, कॅनव्हासवर आणि बऱ्याचदा थेट भिंतीवर. माणसाचं धड असतं, डोक्याच्या जागी दिवा असतो किंवा अवजार, यंत्र. पाय जमिनीत रुतलेले, नाही तर जमीनच पाठीवर घेतलेली. २०२१ साली वेल्समधल्या कार्डिफच्या आर्टेस मुंडी पुरस्काराच्या परीक्षकांनी एकाला निवडण्याऐवजी अंतिम फेरीतल्या सहाही कलावंतांना तो विभागून दिला, त्यांत पाचपुते होते. कार्डिफ हे एकेकाळी कोळशाचंच बंदर. खाणी बंद पडलेला तो मुलुख आणि खाणींनी शेत गिळलेला हा मुलुख, दोघांना एकमेकांची भाषा कळली असणार.

भिंतीवर काढलेलं त्यांचं एक चित्र मी मुंबईत पाहिलं, फार वर्षांपूर्वी. चित्रापेक्षा मला जास्त आठवते ती भिंतीच्या पायथ्याची काळी भुकटी. चारकोल भिंतीवर घासला की त्याची पूड खाली झडते. कुणी झाडून घेतली नव्हती, की मुद्दाम ठेवली होती, ते समजलं नाही. पांढऱ्या फरशीवर, भिंतीच्या कडेने, बोटभर रुंदीची काळी रेघ. मी वाकून बोट टेकवलं आणि पाहिलं. पापडावरची काजळीच ती. चारकोल लाकडाचा आणि खाणीतला कोळसा दगडी, हे मला ठाऊक आहे, पण दोन्ही कधीकाळचं झाडच. प्रदर्शन संपल्यावर ते चित्र चुन्याखाली जाणार होतं. खाणीत गेलेलं गाव परत येत नाही तसं ते चित्र परत येणार नव्हतं. आणि त्याला पर्याय नव्हता, असं मला वाटतं. तेच चित्र सोन्याच्या चौकटीत, काचेखाली, कायमचं बसवलं असतं तर ते खोटं झालं असतं.

सगळ्याच वस्तू अशा आपल्याशी बोलतात असं नाही. सुबोध गुप्तांचं स्टीलच्या भांड्यांचं काम जगभर गाजलं. २००८ सालचं 'लाइन ऑफ कंट्रोल' मी दिल्लीत साकेतच्या मॉलमध्ये पाहिलं. ताटं, पातेली, डबे, कढया एकात एक रचून दहा मीटर उंचीचा अणुस्फोटाचा ढग उभा केलेला, वजन २६ टन. खालून वर बघताना मान दुखते आणि छाती दडपते, हे खरं. घरातल्या फळीवरची भांडी आणि बॉम्ब, ही कल्पना एका क्षणात कळते आणि कळते म्हणूनच माझ्यापुरती ती तिथेच संपली. ती भांडी कुणीच वापरलेली नव्हती. एकाही ताटावर चरा नव्हता, एकाही पातेल्याच्या बुडाशी काळं नव्हतं, एकाही वाटीवर कुणाचं नाव कोरलेलं नव्हतं. लग्नात आलेल्या भांड्यावर ठिपक्या ठिपक्यांनी कोरलेलं नाव असतं, कुणाकडून कुणाला, तारीख. ते नाव नसलेलं भांडं दुकानातलं असतं, घरातलं नसतं. माझी ही तक्रार त्या कलाकृतीवर अन्याय करणारी असेल, इतक्या मोठ्या आकाराला नवीच भांडी लागणार. पण मला तिथे उभ्या उभ्या आमच्या फळीवरच्या दबक्या कडांच्या वाट्या आठवल्या होत्या, हे खरं आहे. तेव्हा त्या केसांच्या आहेत एवढं ठाऊक होतं. त्यांना काय किंमत होती ते ठाऊक नव्हतं.

'टाकाऊतून टिकाऊ' या शब्दांत माझं काय खटकत होतं ते मला आता सांगता येतं. त्यात असं गृहीत धरलेलं आहे की वस्तू आधी कवडीमोल होती आणि कलावंताने, किंवा सहावीतल्या मुलाने, तिला किंमत आणून दिली. पण केसांना किंमत होतीच. आईंनी दिली होती, आळीतल्या बायकांनी दिली होती, भिंतीपलीकडून हाक मारणारीने दिली होती. शेणाला, राखेला, कोंड्याला, चिंध्यांना होतीच. गोधडीत शिवलेल्या प्रत्येक तुकड्याला तो कुणाच्या लुगड्याचा ते नाव होतं. शीला गौडांनी केस दालनात नेले तेव्हा त्या काही निर्माण करायला निघाल्या नव्हत्या, जे आधीच जोखलेलं होतं तिथवर त्या चालत गेल्या. आणि मी, चित्रकलेची पदवी घेतलेली, त्याच घरात बावीस वर्षं राहून, एक पिशवी सुक्या कचऱ्यात टाकून आले.

सहावीच्या मुलांना त्या आठवड्यात काही बनवायला सांगितलं नाही. घरातल्या मोठ्या माणसाला विचारून या, म्हटलं, आपल्या घरात काय फेकत नाहीत आणि का. एका मुलीने सांगितलं, आजी नारळाच्या शेंड्या ठेवते, भांडी घासायला आणि धूप घालायला. एकाचे आजोबा सुतळीचे तुकडे गाठी मारून गुंडा करतात आणि तो गुंडा आता फुटबॉलएवढा झालाय. एक मुलगा म्हणाला, आमच्यात सगळं फेकतात. त्याच्या आवाजात जे होतं त्याने मला पुढचं वाक्य सुचलं नाही.

घरी मी आईंसाठी नवी पिशवी आणली, कापडी, नाडीची. त्यांनी ती बाजूला ठेवली, "कापडात केसं धरत न्हाईत, अडकून बसतात," म्हणाल्या, आणि दुधाची पिशवी धुऊन, पालथी वाळवून, पुन्हा त्याच खाचेत बसवली. मी काही विचारलं नाही. पण माझ्या कंगव्यातले केसही मी आता टाकत नाही. पहिल्या दिवशी वेटोळं जमेना, केस बोटावरून सुटायचे. आईंनी माझी तर्जनी धरली, "पालथ्या अंगानं फिरव," आणि जमलं.

माघात हाक आली. आई आणि मी दोघी खाली गेलो. फाटकाबाहेर भिंतीच्या सावलीत ती बसली होती, पाठीवरचं गाठोडं उतरवून. वय तिशीचं असेल, मांडीवर मूल. तिने पिशवी हातात घेतली, तोलली, आणि मग आत हात घालून एकेक वेटोळं बाहेर काढून बोटांनी चाचपू लागली. बघत नव्हती, डोळे माझ्या आईंच्या तोंडाकडे होते, भाव चालू होता. मधेच तिची बोटं थांबली. एक वेटोळं तिने वेगळं काढलं, त्यातला एक केस ओढून लांब केला, उन्हात धरला.

"ही तुमची न्हाईत, आत्या. ह्यांना रंग हाय."

आईंनी हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. तिने माझ्या डोक्याकडे एकवार पाहिलं, वेटोळं पुन्हा चाचपलं आणि माझे केस वेगळ्या ढिगात टाकले. रंगाच्या केसांना भाव कमी. आईंच्या पांढऱ्यांना त्याहून कमी, पण ते मऊ होते, ती म्हणाली, तेल लावलेले. बरीच घासाघीस झाली. शेवटी तिने गाठोड्यातून स्टीलचा एक चमचा काढला, आणि आई हटेनात तेव्हा आणखी एक लहान चमचा त्यावर ठेवला. आईंनी मोठा स्वतःच्या कनवटीला लावला आणि लहान माझ्या हातात दिला.